पौर्णिमेनंतरची पुळण: भरतीत सापडलेल्या दोन गाड्यांचं प्रकरण

दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री पुण्याच्या सहा मित्रांच्या दोन गाड्या भरतीच्या पाण्यात सापडल्या. एक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांवर चालणारी, दुसरी पुढच्या चाकांवर चालणारी साधी एसयूव्ही. माणसं सुखरूप राहिली, गाड्याही शेवटी निघाल्या. आमचं घर त्याच गावात आहे आणि गाडी ओढायचं थोडंफार सामान माझ्याकडे असतं, म्हणून मध्यरात्रीनंतर मी तिथे होतो. पुढे त्या सहाही जणांशी, ट्रॅक्टरवाल्याशी, होडीवाल्या तात्यांशी आणि गावातल्या कासवमित्रांशी निवांत बोललो. पाहिलेलं आणि ऐकलेलं जुळवून हे लिहितो आहे. गावाचं नाव आणि मित्रांची नावं लिहायची नाहीत, असं आमचं ठरलं आहे.

अलिबागपासून मालवणपर्यंत दर हंगामात कुठे ना कुठे गाडी रुतते. व्हिडिओ फिरतो, लोक दोन दिवस शिव्या घालतात, पुढच्या महिन्यात दुसरी गाडी रुतते. हे प्रकरण मला लिहिण्याजोगं वाटलं ते अशासाठी, की ही पोरं बेफिकीर नव्हती. दारू पिऊन लाटांत गाडी फिरवणारी नव्हती. त्यांच्याकडे फावडं होतं, दोर होता, प्रथमोपचाराची पेटी होती, हवामान पाहिलेलं होतं. भरतीची वेळसुद्धा त्यांनी विचारली होती आणि त्यांना मिळालेलं उत्तर खरं होतं. तरीही रात्री बाराला त्यांच्या गाडीखाली समुद्र होता.

पोचायला झालेला उशीर

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असा त्यांचा रस्ता. सकाळी सातला निघून दुपारी तीनपर्यंत किनाऱ्यावर पोचायचं, उजेडात जागा बघायची, असा बेत होता. एकाचं ऑफिसचं काम लांबलं, निघायलाच अकरा वाजले. घाटात फोटोंसाठी थांबणं झालं, माणगावात जेवण झालं. गावात शिरले तेव्हा सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली होती.

गावाबाहेर होड्या वर ओढायची वाट आहे. तिथून फोर बाय फोर आधी उतरली, मागोमाग एसयूव्ही. समोर भलीमोठी, ओली, कडक पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. चाकाचा ठसासुद्धा नीट उमटत नव्हता, असं त्यांच्यातला एक जण मला म्हणाला. वस्तीपासून लांब जावं म्हणून ते किलोमीटरभर दक्षिणेला, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, मुखापर्यंत गेले. जिथे वाळू सुकी लागली तिथे तंबू लावले आणि तंबूंच्या खाली, समुद्राच्या बाजूला, दोन्ही गाड्या उभ्या केल्या. एसयूव्हीचं तोंड समुद्राकडे होतं. सकाळी डिकी उघडून चहा करायचा आणि समोर समुद्र बघायचा, अशी कल्पना होती.

जागा निवडताना त्यांनी एक रेघ पाहिली होती. दुपारच्या भरतीने आणून टाकलेली काटक्या, शिंपले, नारळाच्या करवंट्या यांची ओळ. गाड्या त्या ओळीच्या किंचित खाली होत्या, तंबू पाच-सहा हात वर. वाटेत त्यांनी एका खानावळीत फोन करून विचारलं होतं, "भरती कधी आहे?" खानावळवाल्याने सांगितलं, "साडेबारा-एकला होऊन गेली, आता ओहोटी आहे." खरंच होतं. फोनमधल्या ॲपवरही त्यांनी शुक्रवारचं पान उघडून पाहिलं होतं. त्या पानावर रात्रीची एक भरती होती, पण ती आदल्या मध्यरात्रीची, होऊन गेलेली. येणारी भरती रात्री एकची, म्हणजे शनिवारच्या पानावर. ते पान कुणी उघडलं नाही.

तिथीचं गणित

तात्यांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं, तुम्हाला संध्याकाळी या गाड्या दिसल्या असत्या तर काय सांगितलं असतं? ते म्हणाले, "आज दुजा. रात्री एकला पाणी सुरूच्या मुळाला लागणार. याला बघायला काय लागतंय?"

किनाऱ्यावरच्या माणसाचं हे गणित सोपं आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की तिथी पुन्हा एकपासून मोजायची. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. हीच वेळ दिवसा आणि हीच, थोडी पुढे सरकून, रात्री, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी. हे गणित मुंबईच्या आसपास चांगलं जुळतं, दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी लवकर येते. आमच्याकडे अर्धा तास वजा करतात. त्या रात्री पौष वद्य द्वितीया होती. दीडातून अर्धा गेला, रात्रीचा एक.

या गणितातून एक गोष्ट निघते, जी शहरातून येणाऱ्याच्या लक्षात येणं कठीण आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिच्यातच आहे. सर्वांत मोठ्या भरत्या, म्हणजे उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतात. आपल्या किनाऱ्यावर त्या नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येतात. म्हणजे उधाणाच्या दिवसांतली ओहोटी पडते ती बरोबर सकाळी आणि संध्याकाळी. आणि उधाणाची ओहोटी इतर दिवसांपेक्षा जास्त खोल जाते. म्हणून महिन्यात किनारा ज्या संध्याकाळी सर्वांत रुंद, सर्वांत मोकळा दिसतो, त्याच रात्री पाणी सर्वांत वर येतं. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार-रविवार गाठून चांदण्यात मुक्काम करायचा, हा मित्रमंडळींचा आवडता बेत असतो. संध्याकाळी पोचणाऱ्याला दर वेळी तीच रुंद पुळण दिसते आणि तिच्यावर विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट त्या काटक्यांच्या ओळीची. एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. चंद्र आणि सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला-दक्षिणेला सरकत राहतात, त्यामुळे हा फरक पडतो. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, म्हणून मुंबईत जून-जुलैमधले उधाणाचे इशारे दुपारच्या वेळांचे असतात. हिवाळ्यात उलट होतं, रात्रीची भरती मोठी. जानेवारीत दुपारच्या पाण्याने ओढलेली रेघ ही रात्रीच्या पाण्याची हद्द धरता येत नाही. त्या सहा जणांनी रेघ पाहिली हे चांगलंच केलं. पण बघायला हवी होती ती वरची, जुनी, वाळलेली रेघ, जी सुरूच्या बनाच्या अगदी पायथ्याशी होती. अंधारात ती दिसली नाही.

तिसरी गोष्ट पाणी चढण्याच्या वेगाची. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक, असा हिशेब खलाशी धरतात. सातला ओहोटी होती. नऊ वाजता, जेवण रंगात आलेलं असताना, पाण्याने फक्त पाव चढ चढलेला होता. सगळ्यांनी पाहिलं आणि म्हटलं, अजून कितीतरी लांब आहे. नऊ ते अकरा या दोन तासांत मात्र निम्मा चढ झाला. आणि सपाट पुळणीवर उभा चढ थोडा असला तरी आडवं पाणी फार आत येतं. उतार पन्नासास एक असला तर फूटभर चढलेलं पाणी पन्नास फूट आत शिरतं.

अकरा ते पाच

पावणेबाराला एसयूव्हीच्या पुढच्या चाकाला पहिली लाट लागली. शेकोटीभोवती बसलेल्यांपैकी एकाला पाण्याचा आवाज जवळून आला म्हणून त्याने टॉर्च मारला. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली आणि मागे घ्यायला गेले तशी चाकं जागच्या जागी फिरली. चालवणाऱ्याने जोर वाढवला. पुढची दोन्ही चाकं अर्धी वाळूत गेली आणि पोटाची पत्र्याची बाजू वाळूला टेकली. तिथून पुढे ती गाडी स्वतःच्या ताकदीने निघणं शक्य नव्हतं.

मग फोर बाय फोर तिला ओढायला खाली आली. तिच्या मालकाला चिखलात गाडी चालवायची चांगली सवय आहे, लोणावळ्याच्या बाजूच्या वाटांवर पावसाळ्यात तो जातो. चिखलात चाक जोरात फिरवलं की टायरच्या खाचांतला चिखल उडून जातो आणि पकड परत येते. वाळूत चाक फिरवलं की ते फक्त खड्डा खणतं. हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही, आणि त्या वेळी समजावून सांगायला तिथे कोणी नव्हतं. दोर ताणला गेला, चारही चाकं फिरली, दुसरी गाडीही रुतली. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी गावातल्या त्या खानावळीत फोन केला, तिथून तो माझ्याकडे आला.

मी, तात्या आणि शेजारची तीन माणसं साडेबारा उलटल्यावर पोचलो. दृश्य असं: एसयूव्हीचं तोंड पाण्यात, दर लाटेला बंपरवरून पाणी. तिच्या पंधरा फूट वर फोर बाय फोर, मागच्या चाकांना लाटेचं शेवटचं पाणी लागत होतं. सहाही जण एसयूव्हीला मागून हाताने ओढत होते, कारण ती जास्त धोक्यात दिसत होती.

तात्यांनी सर्वांत आधी सगळ्यांना तिथून बाजूला केलं. "ती पोर सोडा," ते म्हणाले, एसयूव्हीकडे बोट दाखवून. "ती आता उजाडेपर्यंत निघत नाही. वरची वाचवा." मला तो निर्णय त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा वाटतो. सगळ्यांचं लक्ष बुडणाऱ्या गाडीकडे असताना, निघू शकणारी गाडी आधी काढायची, हे सुचायला अनुभव लागतो. अर्ध्या तासाने तीही गेली असती.

फोर बाय फोरच्या टायरात गेजने ३४ पीएसआय दाखवलं, रस्त्यावरची हवा. व्हॉल्व्हची टोपी काढून किल्लीच्या टोकाने पिन दाबली आणि प्रत्येक टायर १६ पर्यंत उतरवला. हवा सोडताना टायर खालून पसरताना दिसतो. टेकणारा भाग लांब होतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, त्यामुळे वाळू दबते पण फाटत नाही. चारही टायरना मिळून सात-आठ मिनिटं लागली. तोवर बाकीच्यांनी प्रत्येक चाकाच्या पुढची वाळू हाताने उपसून उतरती वाट केली. हे काम नेहमी कमी केलं जातं. चाकाच्या मागची वाळू लोक उपसतात, पण ज्या दिशेला जायचं त्या बाजूला वाळूची भिंत तशीच राहते. पुढे चाकाखाली घालायच्या माझ्या फळ्या घातल्या, मागच्या चाकांसाठी वाडीतून आणलेल्या माडाच्या झावळ्या. लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोडणी), दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर अगदी हळू. गाडी पहिल्याच प्रयत्नात निघाली आणि सुरूच्या बनाला लागेपर्यंत कुठेही न थांबता गेली.

एसयूव्हीबद्दल मालकाचा आग्रह होता की आता फोर बाय फोर सुटली आहे, लगेच ओढू. तात्या ऐकेनात. त्यांचं म्हणणं, भरलेल्या वाळूतून ओढलं तर गाडी येत नाही, हूक हातात येतो. ते बरोबरच होतं. ओली वाळू कडक असते ती तिच्या कणांमध्ये थोडंच पाणी असतं तोवर. पाणी पूर्ण भरलं की कण एकमेकांपासून सुटतात, आणि दर लाटेच्या हिसक्याने चाकाखालची वाळू निसटत राहते. उभी गाडी काहीही न करता स्वतःच्या वजनाने खाली जाते. अशा गाडीला ओढताना वाळूची चिकट ओढ तिच्या वजनात मिळते. त्यात साधा नायलॉनचा दोर तुटला, किंवा हूक उखडला, तर तो गोळीसारखा येतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही, आणि दोर बंपरला किंवा सस्पेन्शनला न बांधता फक्त गाडीच्या ओढण्याच्या हूकला बांधायचा.

तेव्हा केलं ते एवढंच: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सामान आणि कागदपत्रं बाहेर घेतली, मालकाला इंजिन पुन्हा सुरू करायला सक्त मनाई केली. एकपर्यंत पाणी दाराच्या खालच्या पट्टीवर आलं, आतला गालिचा भिजला. सव्वा एकला पाणी थबकलं. मग बसून वाट पाहणं. मतलई वारा सुटला होता, भिजलेली पोरं कुडकुडत होती. तात्यांच्या घरून कोरा चहा आला.

साडेतीनला एसयूव्ही पाण्याबाहेर होती, पण वाळू अजून भरलेलीच होती. साडेचारला गावातला ट्रॅक्टर आला, होड्या वर घ्यायला वापरतात तोच. चाकांभोवती आणि पोटाखाली खणून मोकळं केलं, टायरची हवा उतरवली, बारदानं घातली आणि ट्रॅक्टरने सरळ वरच्या दिशेला सावकाश ओढली. पाचला ती वाटेवर होती.

उजाडल्यावर

सव्वासहाला कासवमित्र आले. दोघे, हातात टॉर्च आणि काठी. नोव्हेंबरपासून ते रोज पहाटे ती पुळण चालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२-०३ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं, त्यानंतर आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर अशा अनेक गावांत वन विभागाच्या मदतीने ते पसरलं. मादी बहुतेक वेळा रात्री वर येते, दीड-दोन फूट खड्डा करून शंभरावर अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. कासवमित्रांना घरटं सापडतं ते तिच्या मागावरून. तिच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूत उमटलेले दोन्ही बाजूंचे ठसे, पाण्यापासून वर आणि वरून परत पाण्याकडे. तो माग संपतो तिथे काठीने चाचपून बघायचं, अंडी अलगद काढायची आणि जाळी लावलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरायची. नाहीतर कोल्हे आणि कुत्रे त्याच दिवशी घरटं उकरतात.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं, आणि काही न बोलता टायरच्या खुणांमधून चालत गेले. परत आल्यावर मोठा म्हणाला, "वहाळापलीकडे काही नाही. अलीकडे होतं की नव्हतं, ते आता कसं सांगणार?" किलोमीटरभर पुळणीवर दोन गाड्यांची जाण्याची खूण, वर-खाली करण्याची खूण, ट्रॅक्टरची खूण. त्या पट्ट्यात त्या रात्री कासव चढलं होतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. चढलं असेल तर ते घरटं गेलं.

मला त्या रात्रीत सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट ही आहे. गाडी हा पैशाचा प्रश्न असतो, तो सुटतो. टायरखाली अंडी चिरडतात हे लोकांना निदान पटतं. पण माग पुसला जाणं हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, आणि हळू, जपून, लाटांपासून लांब गाडी चालवणाऱ्या सभ्य माणसाकडूनही ते तेवढंच होतं. पुढे पिल्लं निघायच्या दिवसांत, म्हणजे अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवसांनी, टायरची खाच हीच अडचण होते. बोटभर लांबीचं पिल्लू खाचेत पडलं की समुद्राकडे जायच्या ऐवजी खाचेच्या आतून चालत राहतं. तंबूचे दिवे आणि शेकोटी त्याला उलट्या दिशेला ओढतात.

कायद्याचं बोलायचं तर गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. आपल्याकडे ठिकठिकाणी प्रशासनाचे मनाई आदेश आणि ग्रामपंचायतींचे फलक असतात, आणि पोलिसांनी मनावर घेतलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली, बेदरकार वाहन चालवणं आणि इतरांचा जीव धोक्यात घालणं, असा गुन्हा नोंदतात. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्या अंड्यांना धक्का लावणं हा वेगळा गंभीर गुन्हा. पोलीस पाटील सकाळी येऊन गेले, नावं लिहून घेतली, समज दिली. त्यापलीकडे गेलं नाही.

पोरांनी सकाळी एक गोष्ट न सांगता केली. वाडीतून दाताळी मागून घेतली आणि वाटेपासून वहाळापर्यंतच्या सगळ्या खाचा बुजवल्या. दहा वाजेपर्यंत चाललं ते. कासवमित्रांतला धाकटा त्यांच्याबरोबर होता.

गाडीचं पुढे काय झालं

फोर बाय फोरला धुण्याखेरीज काही लागलं नाही. एसयूव्ही वाडीतल्या विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून तासभर धुतली, मग टो करून दापोलीत नेली. इंजिनात पाणी शिरलेलं नव्हतं. शिरलेलं असताना चावी फिरवली असती तर हिशेब वेगळा झाला असता. अशा नुकसानाला साध्या पॉलिसीत भरपाई मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं, आणि सर्व्हेअरचा पहिला प्रश्न असतो की गाडी तिथे गेलीच कशी. ब्रेक उघडून साफ केले, पुढच्या चाकांची बेअरिंग बदलली, गालिचा काढून फेकला. खाऱ्या पाण्याचा त्रास तेवढ्यावर संपत नाही. दोन महिन्यांनी वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज धरला आणि एका दाराची काच खाली-वर होईना. खारं पाणी लागलेल्या गाडीचे खालचे कनेक्टर लगेच उघडून, धुऊन, वाळवून घ्यावेत, हे मालकाला तेव्हाच सांगणारा मेकॅनिक भेटायला हवा होता.

मुक्काम करायचाच असेल तर

मला ऑफ-रोडिंग मनापासून आवडतं, आणि चार मित्र गाड्या घेऊन समुद्रावर रात्र काढायला निघतात याचा मला आनंदच वाटतो. पण गाडी पुळणीवर नेण्याची गरज मला कधीच पटलेली नाही. सुरूच्या बनामागे वाडीवाल्याच्या अंगणात गाडी लावायची, त्याला पैसे द्यायचे, दीडशे पावलं सामान उचलून न्यायचं. फोर बाय फोरची हौस घाटमाथ्यावरच्या आणि खाणीच्या वाटांवर, मालकाची परवानगी घेऊन, भागवता येते. तिथे कुणाचा माग पुसत नाही.

दिवस निवडताना शुद्ध अष्टमीच्या आसपासचे घ्यावेत, सप्तमीपासून दशमीपर्यंत. तेव्हा भांगाची भरती असते, भरती-ओहोटीतला फरक कमी. पूर्ण भरती संध्याकाळी पाचच्या सुमारापासून पुढे होते, म्हणजे तंबू ठोकतानाच पाणी त्याच्या वरच्या टोकाला येताना दिसतं आणि मध्यरात्री ते लांब गेलेलं असतं. चंद्रही मध्यरात्रीनंतर मावळतो, त्यामुळे आधी चांदणं आणि नंतर तारे, दोन्ही मिळतं. हिवाळ्यात कधी सूक्ष्म जीवांमुळे लाटांमध्ये निळा उजेड पेटतो, तो बघायचा तर अंधारच हवा, पौर्णिमेला तो दिसत नाही. तंबू तरीही वाळलेल्या जुन्या रेघेच्या वरच. वाळूत खुंट्या धरत नाहीत, त्याऐवजी पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती हातभर खोल पुरायची. मतलई वारा रात्री जमिनीकडून येतो, म्हणून दार समुद्राकडे ठेवलं तरी चालतं. कासवांचा हंगाम असेल तर शेकोटी नको, दिवे लाल आणि मंद, आणि आधी कासवमित्रांना विचारायचं की आज कुठे बसू.

त्या सहांपैकी चौघे पुढच्याच महिन्यात, माघ शुद्ध नवमीला, परत आले. गाड्या आमच्या अंगणात होत्या. पहाटे ते कासवमित्रांबरोबर फेरीला गेले, सापडलेल्या एका घरट्यातली अंडी मोजून बादलीत ठेवायला त्यांनी मदत केली.

गावात मात्र एक प्रश्न उभा राहिला आहे. होड्यांच्या वाटेवर साखळी लावावी असा विषय ग्रामसभेत आला आणि मच्छीमारांनी हरकत घेतली, कारण वारा फिरला की होडी वर घ्यायला ट्रॅक्टर रात्री-बेरात्री कधीही न्यावा लागतो. त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्या रात्री तोच ट्रॅक्टर नसता तर एसयूव्ही दुपारच्या भरतीत गेली असती. साखळीला दोन किल्ल्या, एक तात्यांकडे आणि एक ट्रॅक्टरवाल्याकडे, असा तोडगा मी सुचवला आहे. पुढच्या सभेत त्यावर बोलणं होईल.